कप्तानाचा हुकूम, पायलटचा सल्ला

मुंबईत समुद्राच्या कठड्याशी उभ्या राहणाऱ्या पोराटोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ती लांबवरची मोठी जहाजे नुसतीच का उभी आहेत? बरोबरचे वडीलधारे बहुधा ‘धक्क्यावर जागा नसेल’ असे सांगून चण्याची पुडी पुढे करतात. उत्तर अर्धे बरोबर असते. जहाज धक्क्यावरच्या जागेची वाट पाहते, भरतीची वाट पाहते, आणि त्याबरोबर एका माणसाचीही वाट पाहते. तो माणूस चढल्याशिवाय जहाजाने बंदरात शिरायचे नाही, असा दंडक आहे. या माणसाला पायलट म्हणतात. विमानाचा नव्हे, जहाजाचा. खरे तर हा शब्द मूळचा जहाजाचाच. विमानवाल्यांनी तो मागाहून उसना नेला.

सात समुद्र ओलांडून आलेल्या कप्तानाला शेवटच्या आठ-दहा मैलांसाठी दुसऱ्या कुणाचा हात धरावा लागतो, हे ऐकून प्रथम गंमत वाटते. पण जहाजाचे खरे वैर पाण्याशी नसते, जमिनीशी असते. भर समुद्रात तळाखाली हजारो फूट पाणी असते आणि चूक सुधारायला वेळही असतो. किनारा जवळ आला की पाणी उथळ होते, वाट अरुंद होते, खडक आणि गाळ पाण्याखाली दबा धरून बसतात. मुंबईचेच पाहा. कुलाब्याच्या टोकापासून दक्षिणेला खडकांची एक रांग समुद्रात शिरलेली आहे. तिच्यासाठी १८७५ साली प्राँग्जचे दीपगृह उभे राहिले. खांदेरीचे दीपगृह त्याहून आधीचे, १८६७चे. त्या बेटाला आणि दीपगृहाला १९९८पासून कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. बंदराच्या तोंडाशी असलेल्या आणखी एका दीपगृहाचे नाव तर ‘संक रॉक’, म्हणजे बुडालेला खडक. यापेक्षा स्पष्ट इशारा तो कोणता?

त्यात पुन्हा भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या बंदरात पाणी पाच मीटरच्या आसपास चढते-उतरते. भांगाच्या दिवसांत हा फरक बराच कमी असतो. सकाळी ज्या वाटेने जहाज सुखरूप जाईल, त्याच वाटेवर दुपारी त्याचे पोट तळाला टेकेल. शिवाय उथळ पाण्यात मोठे जहाज वेगाने निघाले की त्याच्या तळाखालचे पाणी जोरात मागे सरते, तिथला दाब घटतो आणि जहाज आणखी खाली बसते. म्हणजे उभे असताना तळाखाली दोन मीटर पाणी होते, तर चालताना तेवढे राहीलच असे नाही. वेग कमी केला तर सुकाणू नीट ऐकत नाही, वाढवला तर जहाज बसते. मोटारीसारखा ब्रेक नाही. भरलेल्या मोठ्या जहाजाला पूर्ण वेगातून थांबायला मैल-दीड मैल सहज लागतो. ही सगळी गणिते नकाशावर अर्धीच सापडतात. उरलेली अर्धी त्या पाण्यावर आयुष्य काढलेल्या माणसाच्या डोक्यात असतात.

ही गरज आजची नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या प्रवासाचा मार्गदर्शक उपलब्ध आहे. त्यात भडोचच्या बंदराचे वर्णन आहे. नर्मदेचे मुख अवघड, भरतीचा लोंढा भयंकर. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जात आणि परदेशी गलबतांना वाट दाखवत बंदरात आणत, असे तो लिहितो. पगारी पायलट, ठरलेली होडी, ठरलेली जागा! आजच्या पायलट सेवेचे सगळे घटक दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या किनाऱ्यावर हजर होते. पुढे १४९८मध्ये वास्को द गामा आफ्रिकेच्या मालिंदीहून निघाला तोही तिथला जाणता वाटाड्या बरोबर घेऊनच, आणि तीनेक आठवड्यांत त्याला मलबारचा किनारा दिसला. हुगळी नदीवर तर आजही जहाजाला समुद्रापासून कोलकात्याच्या गोदीपर्यंत दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर पायलटच्या भरवशावर कापावे लागते. तिथल्या एका कुप्रसिद्ध वाळूच्या दांड्याचे नाव ‘जेम्स अँड मेरी’ असे आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे बुडालेल्या इंग्रजी जहाजाचे ते नाव. नदीने जहाज गिळले आणि नाव तेवढे ठेवून घेतले.

पायलट जहाजावर चढतो कसा, हे पाहण्यासारखे असते. त्याची छोटी बोट चालत्या जहाजाच्या कुशीला लागते. वरून दोरशिडी सोडलेली असते : दोन बाजूंना जाड दोर, मध्ये लाकडी पायऱ्या. बोट लाटेवर वर आली की नेमक्या त्या क्षणी पाय उचलून शिडी पकडायची. क्षणभर उशीर झाला तर बोट खाली जाते आणि पुढच्या लाटेबरोबर पायावर येते. पाण्यापासून नऊ मीटरपेक्षा जास्त चढायचे असेल तर नुसती दोरशिडी चालत नाही, जहाजाचा तिरपा जिनाही जोडीला द्यावा लागतो, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. शिडी कशी बांधायची, रात्री तिच्यावर उजेड कसा पाडायचा, वर कोणी उभे राहायचे, सगळे लिहून ठेवलेले आहे. कारण शिडीचा दोर कुजका निघाल्याने जीव गमावलेले पायलट जगभर झाले आहेत. पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रावर भल्या पहाटे हे काम करणाऱ्यांच्या घरी कोणत्या मनःस्थितीत चहा होत असेल, याची कल्पना करावी.

आता कायद्याचा मुख्य प्रश्न. पायलट जहाजाच्या माथ्यावरच्या खोलीत येऊन उभा राहिला. ‘दहा अंश डावीकडे’, ‘सुकाणू सरळ’, ‘इंजिन मंद’ अशा आज्ञा तो देऊ लागला आणि सुकाणूवरचा खलाशी त्या पाळू लागला. मग जहाज कोणाच्या ताब्यात? काही घडले तर जबाबदार कोण?

जुन्या काळी उत्तर सोपे आणि क्रूर होते. मध्ययुगीन युरोपात ‘ओलेराँचे नियम’ म्हणून दर्यावर्दी कायद्यांची एक संहिता चालत असे. पायलटच्या अज्ञानामुळे जहाज गमावले आणि त्याला नुकसान भरून देता आले नाही, तर खलाशांनी त्याचे मुंडके उडवावे, अशी मुभा तीत होती. पुढे कायदा माणसाळला, पण मग दुसऱ्या टोकाला गेला. सरकारच पायलट घेण्याची सक्ती करते, तेव्हा त्याच्या चुकीला मालक जबाबदार कसा, असा युक्तिवाद इंग्लंडच्या कोर्टांत मान्य होऊ लागला. परिणाम असा की धडक बसलेल्याला कोणीच दाद देईना. मालक म्हणे, पायलट माझा नव्हे. बंदर म्हणे, आम्ही फक्त परवाना दिला. आणि पायलटचा खिसा झटकला तरी त्यातून बुडालेल्या जहाजाची किंमत निघणार कशी? अखेर १९१३च्या कायद्याने इंग्लंडने ही पळवाट बुजवली आणि ती तरतूद १९१८पासून लागू झाली. आपल्याकडच्या १९०८च्या बंदर कायद्यातही त्याच सुमारास तशीच दुरुस्ती झाली. त्या कायद्याचे कलम ३१ सांगे : ठरावीक आकारावरच्या जहाजाने पायलटशिवाय बंदरात हलायचे नाही, आणि पायलट असला तरी नुकसानीची जबाबदारी मालक व कप्तान यांचीच, जणू पायलट घेण्याची सक्ती नव्हतीच. त्याच कायद्याने पायलटच्या चुकीबद्दल सरकारला मात्र जबाबदारीतून मोकळे ठेवले होते. २०२५मध्ये संसदेने हा शंभरी ओलांडलेला कायदा रद्द करून नवा बंदर कायदा आणला. व्यापारी जहाजांचा १९५८चा कायदाही त्याच वर्षी बदलला. पण पायलट चढला म्हणून कप्तान सुटत नाही, हे तत्त्व जगभरच्या बहुतेक बंदरांत चालत आलेले आहे.

वरवर पाहता हा अन्याय वाटतो. आज्ञा देणारा एक आणि भरणारा दुसरा! माझी हयात बँकेत गेली, म्हणून मला मात्र त्यात ओळखीचे काहीतरी दिसते. घरकर्जाच्या फायलीत पॅनेलवरच्या वकिलाचा टायटल रिपोर्ट असतो, मूल्यांककाचा दाखला असतो. ते दोघेही त्या विषयातले जाणते. पण मंजुरीची सही अधिकाऱ्याची. उद्या त्या जागेवर भलत्याचाच हक्क निघाला तर ‘वकिलांनी लिहून दिले होते’ एवढ्यावर चौकशी संपत नाही. रिपोर्ट तुम्ही वाचला होता का? शंका आली तेव्हा विचारले होते का? हेच दोन प्रश्न समुद्रावरही विचारले जातात.

‘एव्हर गिव्हन’चे उदाहरण ताजे आहे. २३ मार्च २०२१ रोजी हे चारशे मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. जहाजावर कालव्याचे पायलट हजर होते. तरीही कालव्याच्या प्राधिकरणाने भरपाई मागितली ती जहाजाच्या मालकाकडे, आणि तडजोड होईपर्यंत जहाज तीन महिन्यांहून अधिक काळ अडकवून ठेवले. त्यावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय होते. आपल्याकडल्या पंचवीस घरांनी त्या काळात बातम्या कशा पाहिल्या असतील! याला जगात एक ठळक अपवाद आहे, पनामा कालव्याचा. तिथे जहाज हाकण्याचा ताबाच पायलटकडे जातो. म्हणून नुकसानीचा भारही काही अंशी कालव्याकडे येतो. ज्याच्या हाती अधिकार, त्याच्या माथी जबाबदारी. हिशेब सरळ आहे.

पण कायद्याने जबाबदारी कप्तानावर ठेवली, एवढ्याने जहाज वाचत नाही. ७ नोव्हेंबर २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत दाट धुके होते. ‘कॉस्को बुसान’ हे जहाज अनुभवी स्थानिक पायलट बरोबर असतानाही पुलाच्या खांबाला घासले आणि सुमारे दोन लाख लिटर इंधन तेल पाण्यात गेले. हजारो पक्षी मेले. चौकशीत दिसले की पायलट घेत असलेल्या औषधांमुळे त्याची विचारशक्ती मंदावली होती. आणि निघण्यापूर्वी कप्तान व पायलट यांच्यात व्हायला हवे तसे सविस्तर बोलणे झालेच नव्हते. कप्तान चिनी, पायलट अमेरिकन. इतक्या धुक्यात निघावे का, हे विचारण्याचा हक्क कप्तानाला होता, किंबहुना ते त्याचे कर्तव्य होते. पण परक्या मुलखातल्या जाणत्याला टोकायचे कसे? पायलटला पुढे दहा महिन्यांची कैद झाली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने याआधीच, २००३मध्ये, पायलट चढताच दोघांनी वाटेचा बेत एकमेकांना समजावून सांगावा, अशी शिफारस केली होती. नियम होता, संकोच त्याच्या आड आला. आपल्या कचेऱ्यांतून आणि घरांतूनही हा संकोच किती नुकसान करतो, ते वाचकांना वेगळे सांगायला नको.

उलट प्रकारही घडतो. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढले आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात गेले. बंदराचा पायलट त्यापूर्वी थोडाच वेळ आधी, अवघड वाट संपली म्हणून, उतरून गेला होता. हिमखंड टाळायला जहाज नेमकी वाट सोडून बाजूला गेले होते आणि कप्तान माथ्यावरच्या खोलीत नव्हता. अवघड वाट संपल्यावर सैल पडलेली माणसे फार मोठे नुकसान करतात.

पायलट असो वा नसो, समुद्रावर सर्वांना बांधणारे वाहतुकीचे नियम आहेत. १९७२ साली देशोदेशींनी ते एकत्र ठरवले आणि १९७७पासून ते लागू आहेत. वाचताना ते आपल्या वाडवडिलांच्या शिकवणुकीसारखे वाटतात. डोळे-कान सतत उघडे ठेवा. झेपेल एवढ्याच वेगाने जा. अरुंद वाटेत आपल्या उजव्या हाताची कड धरा. दोन जहाजांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील, तर ज्याला दुसरे जहाज आपल्या उजवीकडे दिसते त्याने बाजूला व्हावे. रात्री डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा. भोंग्याचा एक आखूड आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतो आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे माझे इंजिन उलटे फिरते आहे. आणि पाच किंवा अधिक आवाज म्हणजे, ‘बाबा रे, तुझे काय चालले आहे ते मला कळत नाही!’ आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा आणि हिरवा उजव्या. अमेरिकेत आणि जपानात नेमके उलट. परदेशी कप्तानाला स्थानिक माणूस का लागतो, याचे आणखी एक कारण.

या नियमांत आपल्या कोळी बांधवांशी थेट संबंध असलेली एक गोष्ट आहे. मोकळ्या समुद्रात जाळी टाकून मासेमारी करणाऱ्या होडीला यांत्रिक जहाजाने वाट द्यायची असते. बंदराच्या अरुंद वाटेत मात्र उलट होते : मासेमारी करणाऱ्या आणि लहान होड्यांनी मोठ्या जहाजाचा मार्ग अडवायचा नाही. यात थोरामोठ्यांची बाजू घेण्याचा प्रश्न नाही. त्या जहाजाला तिथे वळायलाच जागा नसते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात जाळी टाकली तिथे एके दिवशी बोये येतात आणि ती वाट परकी होते, हे दुःख नियमाच्या पुस्तकात मावत नाही. कुठलेसे जहाज जाळे तोडून रात्रीतून निघून जाते, तेव्हा भरपाई कोणत्या खिडकीवर मागायची हेही बिचाऱ्याला ठाऊक नसते.

७ ऑगस्ट २०१० या शनिवारी सकाळी हे सगळे प्रश्न मुंबईच्या दारात येऊन उभे राहिले. न्हावाशेव्याहून बाहेर निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदराकडे येणारे ‘खलिजिया–३’ ही जहाजे बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. मुंबई आणि न्हावाशेवा ही दोन स्वतंत्र बंदरे, पण समुद्राकडून येणारी मुख्य वाट एकच. ‘चित्रा’ कलंडले. बाराशेवर कंटेनरांपैकी शेकडो पाण्यात पडून तरंगू लागले. काहींत घातक रसायने होती. सुमारे आठशे टन तेल सांडले. देशातल्या दोन मोठ्या बंदरांची वाहतूक काही दिवस बंद पडली. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. पण किनाऱ्यावरच्या तिवरांना काळा लेप बसला आणि मासे खावेत की नाही या भीतीने बाजार ओस पडले. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, नवा हंगाम सुरू व्हायचा, अशा वेळी टोपलीत मासळी घेऊन बसलेल्या बायकांकडे गिऱ्हाईक फिरकेना. धडक झाली दोन परदेशी नोंदणीच्या जहाजांची; तिचे पहिले बिल आले कोळीवाड्यात.

मोठ्या जहाजांची गोष्ट इथवर. पण तुमच्या-माझ्या घरातली माणसे समुद्रावर जातात ती लाँचमधून. लाँचवर पायलट येत नाही. तिथे तांडेल हाच कप्तान, तोच वाटाड्या. म्हणून तिथे नियमांचे ओझे त्याच्यावर, आणि थोडे आपल्यावरही असते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत ती तारीख अजून निघते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती. लाँचवर शंभराहून अधिक माणसे होती; पंधरा जण दगावले. या वेळी पाऊस नव्हता, वादळ नव्हते, डिसेंबरातली लख्ख दुपार होती. बुडालेल्यांत सुट्टीला आलेली कुटुंबे होती. त्यानंतर तिथल्या प्रवाशांना लाइफ जॅकेटची सक्ती झाली. ती आधी व्हायला कोणाची हरकत होती?

सागरी नियमांचा इतिहास दुर्दैवाने असाच आहे. ‘टायटॅनिक’ १९१२मध्ये बुडाले, मग १९१४मध्ये समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. अलास्कात तेल सांडले, मग १९९०मध्ये अमेरिकेने तेलवाहू जहाजांना दुहेरी कवचाची सक्ती केली. प्रत्येक कलमामागे कोणीतरी गेलेले असते. म्हणून ही कलमे वाचताना ती कचेरीतल्या कारकुनाने रचली असे मला वाटत नाही. मागे राहिलेल्यांनी ती सांगितली असे वाटते.

तेव्हा येत्या सुट्टीत मुलांना घेऊन मांडव्याला किंवा घारापुरीला निघालात, आणि तांडेलाने ‘ही भरली, पुढची लाँच घ्या’ म्हटले, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. तो आपले तिकिटाचे पैसे सोडून नियम पाळतो आहे. लाइफ जॅकेट कळकट असेल, उकडेल, फोटो बिघडेल. तरी अंगात घाला, मुलांचे बंद स्वतः बांधा. आणि लाँच भलत्याच वेगाने किंवा भलतीकडे जाते आहे असे वाटले, तर गप्प बसू नका, विचारा. कप्तानाने पायलटला विचारावे असे कायदा सांगतो. प्रवाशाने तांडेलाला विचारू नये, असे तो कुठेच म्हणत नाही.